उंबऱ्याच्या आंत
(धर्मग्रामाच्या ज्युबिली-समारंभांत झालेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं उपकारांचें स्मरण करणें हें आपलें कर्तव्य होय. आज आम्ही ज्या वैद्याचें स्मरण करणार आहों, ते आपल्या कॅथोलिक मंडळींतील नव्हते. तरी या सातारा-सांगलीच्या मुलखावर त्यांचें मोठें ऋण आहे.

१८८९ च्या एप्रिलांत मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करतां करतां स्वतः कुष्ठी झालेले संत डेमियन देवाघरीं गेले. त्याच वर्षीं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर विल्यम वानलेस हिंदुस्थानांत आले. प्रथम त्यांनीं सांगलीस दवाखाना घातला. पुढें १८९४ मध्यें मिरजेस इस्पितळ उभें केलें. शस्त्रक्रियेंत त्यांचें नांव दूरवर गाजलें. परंतु ज्यांस घरचेच वेशीबाहेर ठेवीत त्या कुष्ठरोग्यांस मिरजेंत आसरा मिळाला, व क्षयरोग्यांसाठीं सांगली-मिरजेच्या मध्यें आरोग्यधाम निघालें, हें त्यांचें कार्य आम्हांस अधिक थोर वाटतें. तो भाग आजही वानलेसवाडी या नांवानेंच ओळखला जातो. इकडे पांचगणीस पारशी डॉक्टर बिलिमोरिया यांनीं १९१२ मध्यें असेंच 'बेल-एअर' आरोग्यधाम काढलें.

त्या काळची स्थिति ध्यानांत घ्या. क्षयाचा जंतु कॉख यांनीं १८८२ मध्यें दाखविला. त्यावर गुण देणारें पहिलें औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४० नंतरच्या दशकांत मिळालें. वानलेस १९३३ मध्यें वारले. म्हणजे त्यांची सारी कारकीर्द शत्रु ओळखीचा, पण हातीं शस्त्र नाहीं, अशा काळांत गेली. मोकळी हवा, विश्रांति व सकस अन्न एवढेंच त्यांच्यापाशीं होतें. तरी ते रोग्यापासून दूर झाले नाहींत.

आज उलट झालें आहे. साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनीं बहुतेकांचा क्षय बरा होतो. सरकारी दवाखान्यांत त्या फुकट मिळतात. पण रोगी लपतो. मुलीचें लग्न मोडेल म्हणून खोकला दडवितात; बरें वाटतांच औषध सोडतात; शेजारी पाण्याचा तांब्या वेगळा ठेवतात. शोमरोनी मनुष्याच्या दाखल्यांत जखमी वाटसरूस टाळून पुढें गेलेला पहिला माणूस याजकच होता, हें आम्ही विसरलों नाहीं. आजाऱ्यांस पवित्र कम्युनियन देण्यास जातांना आम्ही स्वतः एकदां अशा घराच्या उंबऱ्यावरूनच आशीर्वाद देऊन परतलों आहों. परक्या पंथाचे वैद्य औषध नसतां आंत गेले. आम्ही औषध असतां बाहेर राहिलों.

ज्युबिलीनिमित्त देवळास नवा रंग लागला. तो पावसानें जाईल. म्हणून आमची एक विनंति आहे. आपल्या आळींत जो दोन आठवडे खोकत असेल, त्यास हातीं धरून दवाखान्यांत न्या, आणि औषध पुरें होईपर्यंत त्याच्या घरीं जात राहा. आम्हीही येऊं, आणि या वेळीं उंबऱ्यावर थांबणार नाहीं.