ओल्या मातीतील रोगजंतू

१९११ साली रंगून येथे शवचिकित्सा करीत असता अल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी यांना एक विलक्षण प्रकार आढळला. ब्रह्मदेश त्या वेळी हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. मृतांपैकी पुष्कळजण मॉर्फियाची सुई टोचून घेणारे, अन्नान्नदशेला लागलेले लोक होते. त्यांच्या फुप्फुसांत, यकृतात, प्लीहेत जागोजागी पू साठला होता. घोड्यांना होणाऱ्या ग्लँडर्स या रोगाची आठवण व्हावी असेच ते दृश्य होते. परंतु त्या रोगाचा जंतू निश्चल असतो, हा मात्र सूक्ष्मदर्शकाखाली चळवळ करीत होता. जंतू नवा होता. पुढे त्या रोगास मेलिऑयडोसिस हे नाव मिळाले.

हा जंतू माणसावाचून अडून राहत नाही. उष्ण प्रदेशांतील ओली माती आणि साचलेले पाणी हेच त्याचे घर होय. पावसाळ्यात तो वर येतो. चिखलात अनवाणी राबणाऱ्याच्या पायावरील लहानशा जखमेतून, कधी वादळी पावसात श्वासावाटे, तो शरीरात शिरतो. धडधाकट माणसाला बहुधा त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु मधुमेह, मूत्रपिंडाचा जुनाट विकार किंवा अतिमद्यपान यांनी ज्याची प्रतिकारशक्ती खचलेली आहे, त्याच्या रक्तातून तो सर्वत्र पसरतो. रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास मधुमेही असतात, आणि त्यांतील कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे याच आजारात प्रथम कळते.

गोवा, उडुपी, मंगळूर या किनाऱ्यावर असे रुग्ण सापडले आहेत. तरीही रोग दुर्मिळ मानला जातो, आणि याचे एक कारण असे की तो ओळखलाच जात नाही. ताप, खोकला, खंगत जाणे ही लक्षणे पाहून क्षयाचे औषध सुरू होते व महिने वाया जातात. रक्ताचे किंवा पुवाचे कल्चर केले तरी वाढलेला जंतू किरकोळ समजून टाकून दिला जाण्याचा संभव असतो. तपासणाऱ्याच्या मनात शंका असेल तरच तो पकडला जातो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १,६५,००० लोकांना हा रोग होतो व ८९,००० दगावतात.

पेनिसिलिनला हा जंतू दाद देत नाही. थायलंडमधील उबोन येथील प्रयोगात, सेफ्टाझिडीम हे औषध दिल्यावर तीव्र रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ७४ वरून ३७ वर आले. तो वृत्तांत १९८९ साली प्रसिद्ध झाला. मात्र शिरेतून दिलेल्या औषधाच्या दहा-चौदा दिवसांनी काम संपत नाही. त्यानंतर निदान तीन महिने को-ट्रायमोक्झॅझोलच्या गोळ्या घ्याव्या लागतात. ताप उतरलेला, भूक लागू लागलेली, शेताची कामे खोळंबलेली. गोळ्या सुटतात त्या नेमक्या अशा वेळी, आणि दबून राहिलेला जंतू काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो.