गाडीची वेळ लिहिली, आईंची राहिली

आज माइकसमोर आम्ही दोघी जावा एकत्र बसलो आहोत. पिंपळगाव बसवंतच्या बाजारपेठेत आमचं छोटंसं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. पुढे ऑफिस, मागे घर. थोरले भाऊ स्वतः गाडीवर असतात आणि धाकटे व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर माल भरून घेतात. बिल्टी, भाडं, ड्रायव्हरांचे फोन, डिझेलचा हिशोब, हे सगळं गेली नऊ वर्षं आम्ही दोघी बघतो. आज एका दिवसाची गोष्ट सांगायची आहे. त्यात आमची चूक आहे, ती झाकून सांगणार नाही.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. मार्चअखेरीला बाजार समिती बंद राहिली आणि त्या दिवशी उघडली. बंदनंतरचा पहिला दिवस कसा असतो, ते आपल्या भागातल्या बायांना वेगळं सांगायला नको. उन्हाळ कांद्याचे ट्रॅक्टर पहाटेपासून रांगेत. प्रत्येक व्यापाऱ्याला गाडी आजच पाहिजे. पाटण्याला दोन, दिल्लीला तीन, गुवाहाटीला एक. एका गाडीत २५ टन म्हणजे ५० किलोच्या ५०० गोण्या. त्या उन्हात माल ताडपत्रीखाली एक दिवस जास्त राहिला, तरी खालच्या थराला पाणी सुटतं. म्हणून सगळ्यांचीच घाई.

सकाळी सव्वासातला ड्रायव्हरचा फोन आला. बेदाण्याची गाडी उत्तरेत चालली होती, तिचा शिवपुरीजवळ रात्री पाटा तुटला होता. कांद्याला ई-वे बिल लागत नाही, बेदाण्याला लागतं. साधारण २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. ती रात्री बाराला संपलेली. मुदत वाढवायची तर संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांतच वाढवता येते. म्हणजे सकाळी आठपर्यंत. हातात पाऊण तास. तो चुकला आणि वाटेत तपासणी झाली तर मोठा दंड.

आम्ही दोघी कॉम्प्युटरवर वाकलेल्या. तेवढ्यात मागून कप फुटल्याचा आवाज आला. जाऊन बघितलं तर आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आईच म्हणतो, ओट्याजवळ उभ्या. खाली चहा सांडलेला. म्हणाल्या, "अगं, हातातून सुटलाच. उजवा हात कसा जड झालाय बघ." जीभही थोडी अडखळत होती. धाकटीनं त्यांना खुर्चीवर बसवलं. थोरली म्हणाली, "रात्री हात अंगाखाली आला असेल." दहा-पंधरा मिनिटांत आई स्वतःच म्हणाल्या, "गेलं गं, मोकळा झाला हात. जा तुम्ही, गाडीचं बघा." आम्ही गेलो. पावणेआठला मुदत वाढवून झाली. हुश्श केलं आणि कपाचे तुकडे भरून टाकले.

मैत्रिणींनो, तो कप म्हणजे इशारा होता. मेंदूकडे जाणारं रक्त काही मिनिटं अडतं आणि आपोआप सुरू होतं, तेव्हा असंच होतं. हात जड होतो, बोबडी वळते आणि मग सगळं ठीक होतं. आपल्याला वाटतं, गेलं. पण त्यानंतर मोठा झटका येण्याची भीती पहिल्या एक-दोन दिवसांतच सर्वांत जास्त असते. बरं वाटलं तरी त्याच वेळी डॉक्टरांकडे जायचं असतं. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

आणखी एक कबुली. आईंना सहा वर्षांपासून बीपी आहे. गोळ्या मार्चच्या मध्यात संपल्या होत्या. मार्चएण्डच्या हिशोबात "उद्या आणू, परवा आणू" करत वीस दिवस गेले. आईही म्हणायच्या, "मला काही होत नाही, राहू दे." बीपी वाढलेलं असतं तेव्हा बहुतेकांना काहीच होत नाही, हीच तर त्याची खोड आहे.

नंतरची दुपार कशी गेली ते आम्हालाही नीट आठवत नाही. एक गाडी वजनकाट्यावर अडकली. एका ड्रायव्हरच्या फास्टॅगमध्ये पैसे नव्हते. एका पार्टीनं भाड्यात तीन हजार कमी करा म्हणून घासाघीस लावली. हमालांचे पैसे द्यायचे होते. दोन फोन कानाला, तिसरा टेबलावर वाजतोय. दुपारी एक पंचवीसला धाकटी पाणी प्यायला मागे गेली, तर आई जमिनीवर. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लुळा, बोलायला जातात पण शब्द फुटत नाही. डोळ्यांत नुसती भीती.

बाहेर माणसं जमली. कोणी म्हणालं, पाणी पाजा. कोणी म्हणालं, वारं गेलंय, कबुतराचं रक्त चोळतात तिकडे न्या, दोन दिवसांत उठून बसतील. आम्हीही गोंधळलो होतो. पण आमच्या बचत गटाच्या बैठकीत आशाताईंनी एकदा सांगितलेलं थोरलीला आठवलं. तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं बिघडलं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८. फोन लावला. पाणी पाजू दिलं नाही. आईंना कुशीवर झोपवलं. पंचवीस मिनिटांत गाडी आली. सोबतच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "जवळच्या दवाखान्यात थांबून उपयोग नाही, यांना सीटी स्कॅन लागेल. सरळ नाशिकला जाऊ."

तीनला दहा मिनिटं कमी असताना नाशिकला पोचलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "यांना शेवटचं धडधाकट कधी बघितलं होतं? वेळ सांगा."

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्या ऑफिसात प्रत्येक गाडीची वेळ वहीत लिहिलेली असते. आली किती वाजता, काट्यावर किती, सुटली किती. गुवाहाटीची गाडी ११ वाजून ४० मिनिटांनी सुटली हे आम्ही झोपेतही सांगितलं असतं. आणि ज्यांनी आम्हाला हे ऑफिस चालवायला शिकवलं, त्या आमच्या आईंना शेवटचं कधी धड बघितलं, ते आम्हाला सांगता येईना. सकाळी चहाच्या वेळी? बारा वाजता? त्या मागे एकट्या होत्या आणि आम्ही फोनवर.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन असतं. ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात. रक्तस्राव झाला असेल तर ते देताच येत नाही, म्हणून आधी सीटी स्कॅन. वेळ माहीत नसेल तर शेवटचं धड कधी बघितलं तिथून मोजतात. सकाळी चहापासून मोजलं असतं, तर वेळ केव्हाच निघून गेलेली.

आईंचा मोबाइल धाकटीच्या पिशवीत होता. तिनं उघडला. मनमाडला दिलेल्या आमच्या नणंदेचा फोन १२ वाजून ३८ मिनिटांनी आलेला, चार मिनिटं बोलणं झालेलं. तिला विचारलं. ती रडत म्हणाली, "वहिनी, आई चांगली बोलली. पापड कधी करायचे ते विचारत होती. अजिबात अडखळली नाही." म्हणजे १२ वाजून ४२ मिनिटांपर्यंत आई धड होत्या. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. साडेतीनला इंजेक्शन सुरू झालं.

आज आई घरी आहेत. काठी घेऊन चालतात. बोलतात, पण सावकाश. उजव्या हाताची मूठ अजून नीट वळत नाही. पापड लाटता येत नाहीत, लाट्या करून देतात. रोज सकाळी व्यायामाला त्यांच्यासोबत आम्ही आळीपाळीनं बसतो. इंजेक्शन मिळालं म्हणून एवढं तरी हातात राहिलं. पण सकाळी सव्वासातलाच त्यांना नेलं असतं तर, हा प्रश्न आम्हा दोघींच्या मनातून जात नाही. ई-वे बिलाला मुदत संपल्यावरही आठ तास मिळाले. मेंदूला तशी सवलत नाही. गाठ अडकलेली असते तोवर दर मिनिटाला लाखो पेशी मरत असतात.

मैत्रिणींनो, आता थोडं कामाचं सांगतो. कागद-पेन असेल तर लिहून घ्या.

घरातलं कोणी अचानक वेगळं वाटलं तर तीन गोष्टी करायला सांगा. हस, म्हणजे तोंड वाकडं होतं का ते दिसेल. दोन्ही हात वर धर, म्हणजे एक खाली येतो का ते कळेल. एक साधं वाक्य बोल, जीभ अडखळते का बघा. एकही खूण दिसली तर घड्याळ बघा, वेळ लिहा आणि १०८ ला फोन करा. खूण आपोआप गेली तरी जायचंच. आणि सीटी स्कॅन कुठे होतो तिथेच जायचं, हे आधीच विचारून ठेवा.

तोंडात काही घालू नका. पाणी नको, चहा नको, ते श्वासनळीत जाऊ शकतं. बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं देऊ नका. मालिश, रक्त चोळणं यात वेळ घालवू नका. उशीर झाला असं वाटलं म्हणूनही घरी ठेवू नका. काहींना उशिरानंही उपचार मिळतात, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नसते. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर तपासतात, गोळ्याही मोफत मिळतात. सासूबाईंना नेता तेव्हा स्वतःचंही तपासून घ्या. त्या गोंधळानंतर आम्ही तपासलं, तर आमच्यातल्या थोरलीचंही बीपी वाढलेलं निघालं. तिलाही काहीच होत नव्हतं.

आमच्या ऑफिसात प्रत्येक गाडीची फाईल आहे. परमिट, विमा, फिटनेस, सगळं एका ठिकाणी. आईंची फाईल मात्र नव्हती, जुनी चिठ्ठी शोधायला डबे उपसावे लागले. आता त्यांचं आधार, रेशनकार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांची यादी एका पिशवीत दाराजवळ टांगलेली असते. आणि आवक-जावकच्या वहीत रोज सकाळी पहिली ओळ गाडीची नसते. "आई, गोळी, ७ वाजता", ही पहिली ओळ.

परवा एक पार्टी फोनवर म्हणाली, "वहिनी, सकाळी अर्धा तास तुमचा फोन लागत नाही, धंदा कसा करायचा?" आम्ही म्हणालो, "भाऊ, त्या अर्ध्या तासात आईंचा व्यायाम असतो. गाडी साडेआठला मिळेल." आणि गाडी साडेआठलाच मिळाली.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्यांचं पाकीट काढून बघा, किती शिल्लक आहेत. संपत आल्या असतील तर उद्यावर टाकू नका.