पहिल्या रिमांडला वकील हवा



 दहशतवादाच्या आरोपाखाली कोठडीत असलेल्या माणसाच्या हक्कांबद्दल मला बोलायचे आहे, आणि बोलायचे आहे ते आपल्याशीच, वकिलांशी.

डिसेंबर २००८ आठवा. मुंबईवरच्या हल्ल्याच्या जखमा ओल्या होत्या. हल्लेखोर अजमल कसाबचे वकीलपत्र कोणी घेऊ नये, असा ठराव वकिलांच्याच एका संघटनेने केला. त्यामागची चीड मला समजते. पण पोलीस दलातल्या तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर झेलून त्याला जिवंत पकडून दिले, म्हणून तर खटला उभा राहिला, आणि बचावाच्या वकिलाशिवाय खटला पुढे कसा सरकणार? न्यायालयाने वकील नेमले. उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयातही त्याची बाजू मांडायला वकील दिले गेले. फाशी कायम झाली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात अमलात आली. ती शिक्षा पक्की ठरली, कारण त्याच्या बाजूने जे बोलण्यासारखे होते ते सगळे बोलून झाले होते. आणि याच खटल्यात, ३ मे २०१० रोजी, दोन भारतीय आरोपी निर्दोष सुटले. वरच्या दोन्ही न्यायालयांत ती सुटका टिकली. त्यांतल्या एकाचे वकील शाहिद आझमी तो निकाल ऐकायला हयात नव्हते. तीन महिन्यांपूर्वी कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या होत्या. काळा कोट घालणाऱ्या प्रत्येकाने हे नाव लक्षात ठेवावे, असे मी मनापासून म्हणतो.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू या प्रकरणात असे बहिष्काराचे ठराव घटनाबाह्य आणि रद्दबातल ठरवले. त्या प्रकरणात बहिष्कार टाकला होता तो पोलिसांवर! कोइम्बतूरच्या वकिलांनी आरोपी पोलिसांचे वकीलपत्र घ्यायचे नाही असे ठरवले होते. म्हणजे हा नियम सर्वांसाठी आहे. तरीही मोठी घटना घडली की कुठे ना कुठे असा ठराव होतोच, आणि सही करायला आपलेच लोक पुढे असतात.

आता कोर्टात चला. तोंडावर काळा कपडा, दोन्ही दंडांना पोलीस, आरोपीला जिन्यावरून घाईने वर आणले जाते. रिमांड रिपोर्टमधली कारणे आपल्याला पाठ आहेत: साथीदारांचा शोध घ्यायचा आहे, पैसा कुठून आला ते तपासायचे आहे, मोबाइल-लॅपटॉपचा अहवाल बाकी आहे. न्यायाधीश विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ आरोपी शेजारच्या अधिकाऱ्याकडे एकदा बघतो आणि नकारार्थी मान हलवतो. रोजनाम्यात नोंद होते, तक्रार नाही. पुढे चार-पाच वर्षांनी उलटतपासात आपण मारहाणीचा मुद्दा काढतो, तेव्हा सरकारी वकील हाच रोजनामा आपल्यासमोर ठेवतात.

त्या एका मिनिटात वकील शेजारी उभा असेल तर चित्र बदलते. अशिलाशी पोलिसांच्या कानाआड बोलू द्या, अशी विनंती करता येते. वैद्यकीय तपासणी मागता येते. अटकेची खरी वेळ लिहून घ्या म्हणता येते, कारण दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचे चोवीस तास तिथूनच मोजायचे असतात. अटकेची कारणे लेखी दिली का, हे विचारता येते. मे २०२४ मध्ये पत्रकार प्रबीर पुरकायस्थ यांची यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालची अटक सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर बेकायदा ठरवली. त्यांना पहाटे रिमांडसाठी उभे केले होते आणि त्यांच्या वकिलांना वेळेवर कळवलेही नव्हते. आरोपीला वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे पहिल्याच हजेरीला दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, हेही सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते कसाबच्याच निकालात.

यूएपीएत हे सगळे अधिकच जपावे लागते. आरोपपत्रासाठीची नव्वद दिवसांची मुदत एकशेऐंशीवर जाऊ शकते, अटकपूर्व जामीन नाही, आणि आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले की कलम ४३डी(५) जामिनाची वाट अडवते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या वटाली निकालानंतर ती आणखी अरुंद झाली. २०२१ च्या नजीब निकालाने थोडा श्वास मिळाला: आरोपी पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी, तेव्हा घटनेचे एकविसावे कलम त्या अटीच्या वर आहे, असे न्यायालयाने मानले. पण त्यासाठी पाच वर्षे गेली.

म्हणून मुदतीचा प्रत्येक दिवस वकिलाने मोजला पाहिजे. भीमा-कोरेगाव प्रकरणात १ डिसेंबर २०२१ रोजी वकील सुधा भारद्वाज यांना डिफॉल्ट जामीन, म्हणजे मुदतीत आरोपपत्र न आल्याने मिळणारा जामीन, मिळाला, कारण मुदतवाढ देणाऱ्या पुण्याच्या न्यायाधीशांना तो अधिकारच नव्हता. त्याच वेळी इतर आठ आरोपींना तो मिळाला नाही. त्यांचे अर्ज वेळेत आलेले नव्हते. अर्जाची एक तारीख चुकली की काय होते, हे मी आणखी काय सांगू?

स्फोटात ज्यांची माणसे गेली त्यांचे काय, असा प्रश्न इथे बसलेल्या अनेकांच्या मनात असेल. रास्त प्रश्न आहे. ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकल स्फोटांत पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली पोलिसांसमोर दिलेले कबुलीजबाब हा त्या खटल्याचा मोठा आधार होता. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ते अविश्वसनीय ठरवले आणि बाराही जणांना सोडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे, निकाल दाखला म्हणून वापरू नये असा अंतरिम आदेश आहे. म्हणून गुणदोषांत मी शिरत नाही. पण एकोणीस वर्षांनी त्या कुटुंबांच्या हाती काय पडले? त्यानंतर दहाच दिवसांत २००८ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यातले सातही आरोपी सुटले. त्या खटल्यातल्या आरोपींनीही कोठडीत छळ झाल्याचे सांगितले होते. आरोपींचा धर्म वेगळा, तक्रार तीच, आणि दोन्हीकडे मृतांच्या नातेवाइकांना उत्तर मिळालेले नाही. कोठडीत मिळवलेला खोटा जबाब पहिल्यांदा फसवतो तो त्यांनाच.

बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये अटकेसंबंधीचे कलम, आजचे बाविसावे, घटना समितीत मांडले ते एकविसाव्या कलमात राहून गेलेली उणीव भरून काढण्यासाठी. वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क त्यात अगदी सुरुवातीलाच येतो. तो हक्क वापरायचा तर हजर राहणारा वकील लागतो.

दुपारच्या खुल्या अधिवेशनात दोन ठराव येतील. एक, कोणत्याही आरोपीचे वकीलपत्र नाकारण्याचा ठराव आपली कोणतीही संघटना करणार नाही आणि पूर्वी केलेले असे ठराव लेखी मागे घेईल. दोन, प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरणाच्या मदतीने रिमांडसाठी वकिलांची पाळी लावली जाईल, सुट्टीच्या दिवशीही आणि रात्रीही, आणि ती यादी फोन क्रमांकांसह प्रत्येक पोलीस ठाण्यात व न्यायालयात लागेल. माझ्या तालुक्याच्या यादीत रविवारच्या पाळीला माझे नाव मी घातले आहे. मसुदे मागच्या टेबलावर आहेत. वाचा, दुरुस्त्या सुचवा, आणि जेवणानंतर मतदानाला थांबा.