नांगराच्या तासातले इंग्रजी



मी मुरुमचा. उमरगा तालुक्यातले, कर्नाटकाच्या सीमेलगतचे हे आमचे गाव. रस्त्यावर टाकतात तो मुरूम आपण सगळे ओळखतो. हा साधा मराठी शब्द इंग्रजीत जाऊन बसला आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. यूल आणि बर्नेल या दोघा ब्रिटिशांचा एक मोठा शब्दकोश १८८६ साली निघाला. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेले शब्द त्यांनी त्यात गोळा केले. त्यात मुरूम आहे, आणि हा शब्द मराठी दिसतो असेही तिथे नोंदले आहे. म्हणजे इंग्रजी भाषा आपल्या दारी मागायला आली होती. मग तिला आपण इतके का भ्यावे?

हे विचारण्याचा अधिकार मला आहे की नाही, कोण जाणे. कारण मी स्वतः मुलांना भीती घालणारा मास्तर होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझी पद्धत एकच. शब्द आला नाही, की तो पंचवीस वेळा लिहून आणायचा. नववीत एक मुलगा होता. नांगर धरला तर तास दोरीसारखे सरळ काढायचा, पण स्पेलिंग म्हटले की घामाघूम. एके दिवशी त्याने दप्तर आवरले आणि म्हणाला, "गुरुजी, विंग्रजी काय आपल्याच्यानं व्हायचं न्हाई. त्ये आपलं न्हाईच." तो पुन्हा शाळेत आला नाही. मीही त्याला बोलवायला गेलो नाही.

पुढे मी शब्दांची मुळे शोधू लागलो, तेव्हा त्या मुलाची आठवण जागोजागी आली. आता हेच पाहा. तापात माणूस बरळू लागला, की डॉक्टर 'डेलिरिअम' म्हणतात. शब्द लॅटिन. लॅटिनमध्ये 'लीरा' म्हणजे नांगराचे तास, आणि 'दे' म्हणजे पासून दूर. तास सोडून नांगर भलतीकडे गेला, तो डेलिरिअम! रोमन शेतकऱ्याने बैलामागे चालताना केलेला हा शब्द आहे. तो त्या मुलाला मी तास दाखवून शिकवला असता, तर पंचवीस वेळा लिहावा लागला नसता.

दुसरा शब्द तोंड भरून टाकणारा आहे : 'बूस्ट्रोफीडॉन'. घाबरू नका. ग्रीक भाषेत 'बूस' म्हणजे बैल, आणि 'स्ट्रोफी' म्हणजे वळण. बैल नांगरताना या टोकाला जातो, वळतो, आणि त्या टोकाकडे परततो. पूर्वी काही ग्रीक लेख असेच लिहीत. एक ओळ डावीकडून उजवीकडे, पुढची उजवीकडून डावीकडे. क्रीट बेटावर गॉर्टिन येथे दगडात कोरलेले कायदे असे आहेत. आणि लांब कशाला, आंध्रात कर्नूल जिल्ह्यात येर्रगुडीला सम्राट अशोकाचा जो लेख आहे, त्यातल्याही काही ओळी अशाच बैलाच्या चालीने गेल्या आहेत.

खळ्यावर या. रोमन लोक मळणीला एक फळी वापरीत. तिच्या खालच्या अंगाला गारगोट्या किंवा लोखंडी दात बसवलेले असत, आणि बैल ती कणसांवरून ओढीत. तिचे नाव 'ट्रिब्युलुम'. त्यावरून इंग्रजीत 'ट्रिब्युलेशन', म्हणजे माणसाला भरडून काढणारे संकट. विहिरीवर या. एकाच ओढ्याचे पाणी घेणाऱ्या शेजाऱ्याला लॅटिनमध्ये 'रिवालिस' म्हणत, कारण 'रिवुस' म्हणजे ओढा. त्याचाच इंग्रजी 'रायव्हल' झाला, म्हणजे प्रतिस्पर्धी. पाण्याच्या पाळीवरून भाऊबंद कसे प्रतिस्पर्धी होतात, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको!

शरीराचे शब्दही असेच. 'मसल' म्हणजे स्नायू. त्याचा मूळ अर्थ छोटा उंदीर. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर हलल्यासारखे रोमनांना वाटले. आपल्याला तिथे बेडकी दिसली, म्हणून आपण बेटकुळी म्हणतो. डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याला इंग्रजीत 'प्यूपिल' म्हणतात. त्याचे मूळ लॅटिनमध्ये 'छोटी बाहुली' असे आहे. आणि आपण काय म्हणतो? डोळ्यातली बाहुलीच! समोरच्याच्या डोळ्यात स्वतःचे इवलेसे रूप त्यांनीही पाहिले, आपणही पाहिले.

आता उलट बाजू पाहू. ग्रीक शब्द आपल्या घरातही आहेत. ग्रीकमध्ये 'डिफ्थेरा' म्हणजे कातडे. कातड्यावर लिहीत, म्हणून लिहिण्याच्या साहित्याला तो शब्द लागला. पुढे फारसीत त्याचा 'दफ्तर' झाला, आणि मराठीत दप्तर. निजामाच्या राजवटीत ज्यांच्या घरी उर्दू शिकलेली वडीलधारी माणसे होती, त्यांना ही वाट चांगली ओळखीची आहे. त्याच कातड्यापासून १८२६ साली ब्रेतोनो या फ्रेंच डॉक्टराने एका रोगाला नाव दिले. त्यात घशात कातड्यासारखा पडदा धरतो. तोच डिप्थेरिया, आपला घटसर्प. मुलाच्या खांद्यावरचे दप्तर आणि मुलाचा गळा आवळणारा घटसर्प, दोघे एकाच मुळाचे. त्या रोगावरची लस बाळांना देतात, तिला 'पेंटाव्हॅलंट' म्हणतात. त्यातला 'पेंटे' म्हणजे पाच. आपल्या 'पंच'चा तो चुलतभाऊ. लस चुकवू नका, एवढे जाता जाता सांगतो.

आणखी एक शब्द. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागात कोणी विसरणार नाही. त्या भूकंपानंतर 'एपिसेंटर' हा शब्द किल्लारी-सास्तूरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी बसला. 'एपि' म्हणजे वर. 'सेंटर'चे मूळ ग्रीक 'केन्ट्रॉन', म्हणजे टोचणारे टोक, बैलाला टोचायच्या पराणीची आर! कंपासचे जे टोक कागदात रोवतात, त्याला ग्रीकांनी तेच नाव दिले. ते ज्योतिषाबरोबर संस्कृतात आले आणि 'केंद्र' झाले. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ग्रंथात ते आढळते. तेव्हा आरोग्य केंद्र म्हणताना आपण पराणीचेच नाव घेतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, दोन गोष्टी सांभाळा. पहिली, ऐकीव व्युत्पत्तीवर विश्वास ठेवू नका. 'न्यूज' हा शब्द चार दिशांच्या आद्याक्षरांतून झाला, असे पुष्कळ वर्गांत सांगतात. मीही सांगत असे. ते खोटे आहे. 'न्यू' म्हणजे नवे, त्यावरून न्यूज. आणि हा 'न्यू' आपल्या 'नव'चाच नातलग. दुसरी, मूळ कळले म्हणजे आजचा अर्थ कळला असे नव्हे. रायव्हल म्हटल्यावर आज कोणी ओढा शोधत नाही. मूळ हे लक्षात ठेवण्यासाठी. अर्थ मात्र कोशातच पाहावा.

आणि एवढे करा : आठवड्याला एकच शब्द घ्या. तो फळ्यावर फोडून मांडा. मग मुलांना विचारा, "तुमच्या घरी, शेतात याला काय म्हणतात?" खडे मांडून हिशेब करणारे पोर असेल, तर त्याला सांगा, लॅटिनमध्ये 'कॅल्क्युलुस' म्हणजे खडा, कॉलेजातले मोठे गणित त्याच नावाने चालते.

तो माझा विद्यार्थी आता पन्नाशीकडे आला आहे. मागे बाजारात भेटला, तेव्हा मी त्याला डेलिरिअमची हकीकत सांगितली. तो हसला नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "गुरुजी, हे तवाच सांगायचं हुतं."

ते मी तेव्हा सांगितले नाही. तुम्ही उद्या सांगा.

नमस्कार.