घरच्या घरीं बिनतारी इयरफोन



१९२७ च्या जुलै महिन्यांत मुंबईचें नभोवाणी-केंद्र सुरू झालें, तेव्हां ज्या घरांत स्फटिकाचें साधें यंत्र असे, तेथील ऐकण्याची तऱ्हा मोठी गमतीची होती. ध्वनि आकाशांतून बिनतारी येई. पण यंत्रापासून कानापर्यंत मात्र तार ही हवीच! ती शेवटची हातभर तार आतां कोठें गळूं लागली आहे. २०१६ सालीं ॲपल कंपनीनें आपल्या नव्या फोनमधील इयरफोनचें छिद्रच काढून टाकलें, आणि पाठोपाठ इतर अनेकांनीं तोच कित्ता गिरवला.

मग खणांत पडलेल्या जुन्या इयरफोनांचें काय करावें? फेकूं नयेत, असें माझें मत आहे. इयरफोन बिघडला असें आपण म्हणतों, तेव्हां बहुधा तुटलेली असते ती पिनेजवळची तार. कानांतील चुंबक, वेटोळें आणि पडदा हीं शाबूत असतात.

तार धड असेल, तर कांहींच कापण्याचें कारण नाहीं. बाजारांत आगपेटीएवढा ब्लूटूथ रिसीव्हर मिळतो; त्यांत पिन खुपसली कीं काम झालें. तार अर्थात् उरतेच, पण ती खिशापासून कानापर्यंतच.

पिनच निकामी झाली असेल, तर मात्र हत्यार उचलावें लागतें. कानाचे बोंडूक बिघडलेला, पण चालू होणारा एखादा जुना नेकबँड मिळवावा. आपल्या इयरफोनची तार जेथें दुभंगते, त्याच्या पुढें, कानांच्या बाजूस ती कापावी. हें महत्त्वाचें आहे. कारण त्याच्या खालीं दोन्ही कानांची परतीची तार सामाईक असूं शकते, व अनेक नेकबँडांना तसा संयोग चालत नाहीं. प्रत्येक कानास दोन, अशा चार तारा हातीं येतात. त्यांवर लाखेसारखा पातळ लेप असतो. तो तापल्या सोल्डरिंग-आयर्ननें जाळल्याखेरीज डाख बसत नाहीं. एका कानाच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या, तर आवाज येतो खरा, पण तबल्याचा डग्गा हरवल्यासारखा पोकळ येतो. मग त्या दोन अदलाबदल कराव्या.

जपावयाचें तें बॅटरीस. लिथियमचा हा लहानसा घट ४.२ व्होल्टपर्यंतच भरावयाचा असतो, आणि तेथें थांबण्याची व्यवस्था नेकबँडच्या पट्टींत असते. म्हणून घट त्या पट्टीपासून तोडून फोनच्या ५ व्होल्टच्या चार्जरला परस्पर जोडणें, हा निव्वळ आगीशीं खेळ होय. डाख देतांना त्याच्या दोन तारा एकमेकींस लागूं देऊं नयेत.

आतां हा इयरफोन कानीं लावून तुम्ही वाशीम जिल्ह्यांतील पोहरादेवीस रामनवमीच्या यात्रेला गेलां आहां, असें समजा. सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनास प्रांतोप्रांतींचे बंजारा बांधव लोटलेले. फोन पाठीवरच्या पिशवींत, आणि आवाज तुटक येतो. दोष तुमच्या हातकामाचा नव्हे. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, त्या पाण्यांत शोषल्या जातात, आणि मनुष्यदेह बव्हंशीं पाणीच! घरांत भिंतींवर आपटून त्या वळसा घेतात; उघड्या माळावर तशी सोय नाहीं. शिवाय आसपासचे फोन त्याच पट्ट्यांत बोलत असतात. त्या गर्दींतून वाट काढण्यासाठीं ब्लूटूथ सेकंदास १,६०० वेळां आपली जागा बदलतें, तरी फोन छातीच्या खिशांत घेणें बरें. एक कान तर मोकळाच ठेवावा. हरवलेल्या मुलाचें नांव ध्वनिक्षेपकावरून पुकारलें जात असतें.

दुसरा शत्रु ऊन. रामनवमी चैत्रांतली, आणि विदर्भाचा चैत्र सर्वांस ठाऊक आहे. लिथियमचे घट साधारणतः ४५ अंशांवर भरूं नयेत. आणि उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींत त्याहून अधिक उष्मा सहज होतो. तेथें इयरफोन चार्जिंगला लावून दर्शनाच्या रांगेंत उभें राहूं नये. परत आल्यावर घट फुगलेला दिसला, तर त्यास टोचूं नये, दाबूं नये, केरांतही टाकूं नये. २०२२ च्या नियमांप्रमाणें वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हां जवळच्या विक्रेत्याकडे प्रथम चौकशी करावी, आणि तोंवर तो घट लांकडाकपड्यांपासून दूर, पत्र्याच्या डब्यांत कोरड्या वाळूंत ठेवावा.