दप्तरांतून शोधसूचीकडे

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे गांवोगांव हिंडले, जुनीं दप्तरें मिळविलीं आणि 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' २२ खंडांत प्रसिद्ध केलीं. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास त्यांनीं देह ठेवला. पुढें १९२७ सालीं तेथेंच त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ स्थापन झालें.

पण कागद कपाटांत आला म्हणजे तो शोधणाऱ्यास सांपडलाच, असें नव्हे. नोंद नीट नसेल तर तो असून नसल्यासारखाच. आज अशा नोंदी संगणकाच्या कोठारांत ठेवतात व तेथून शोधसूचींत भरतात. शोधसूची म्हणजे ग्रंथाच्या अखेरीस असते तशी शब्दसूचीच. कोणता शब्द कोणकोणत्या नोंदींत आला हें ती आधींच मांडून ठेवते; म्हणून लाखों नोंदी चाळाव्या लागत नाहींत. अशा कामाचें 'लुसीन' हें साधन डग कटिंग यांनीं १९९९ मध्यें रचलें. त्यावर उभारलेलें 'इलॅस्टिकसर्च' २०१० मध्यें आलें.

परंतु भरण्यापूर्वीं निवडणें-पाखडणें आलेंच. खानदेशाचें उदाहरण घ्या. १९०६ सालीं या जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९६० सालीं त्यांस जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं. १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. 'पश्चिम खानदेश' लिहिलेल्या प्रत्येक नोंदीवर सरसकट 'धुळें' असा शिक्का मारला, तर नंदुरबारचा अभ्यासक रिकाम्या हातीं परतेल. तेव्हां मूळ शब्द तसाच राखावा आणि गांव पाहून आजचा जिल्हा निराळ्या रकान्यांत लिहावा. शकाचेंही तेंच. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन येतो. पण १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. महिना ठाऊक नसेल तर दोन्ही सन नोंदवावेत. 'ॲ' हें अक्षर तर एका चिन्हानेंही उमटतें आणि 'अ'वर निराळा चंद्र देऊनही. डोळ्यांस भेद दिसत नाहीं; यंत्रास मात्र ते दोन शब्द वाटतात. म्हणून एकच रूप ठरवून घ्यावें.

आतां भरणा. धान्य कोणी मुठीमुठीनें कोठारांत नेत नाहीं. नोंदीही हजार-हजारांच्या गठ्ठ्यांनीं पाठवाव्यात आणि सूची वारंवार ताजी करण्याचें काम भरणा संपेपर्यंत थांबवावें. प्रत्येक नोंदीस कायमचा क्रमांक द्यावा, म्हणजे गठ्ठा पुनः पाठविला तरी ती दोनदां चढत नाहीं. गठ्ठा पोंचला म्हणजे त्यांतील सर्व नोंदी स्वीकारल्या गेल्या, असेंही समजूं नये. एखादीची तारीख बिघडलेली असली तर तेवढीच मागें राहते, बाकीच्या आंत जातात. यास्तव यंत्राचें उत्तर वाचावें, नाकारलेल्यांची यादी करावी आणि शेवटीं कोठारांतील व सूचींतील संख्या ताडून पाहावी.

संख्या जुळली तरी एक परीक्षा उरते. जुन्या नांवानें शोधावें, नव्या नांवानें शोधावें. दोन्हीं वेळां तोच कागद पुढें आला पाहिजे. ज्या कागदासाठीं कोणी गांवोगांव पायपीट केली, तो एका चंद्रापायीं नाहींसा व्हावा, ही गोष्ट वाळवीनें केलेल्या नासाडीहून अधिक लाजिरवाणी होय. कारण वाळवीस वाचतां येत नाहीं.