पाचारणासाठी प्रार्थना : आगमनकाळात आपल्या घरासाठी एक विचार

 

आपल्या कार्यक्रमाचे श्रोते सगळ्या धर्मांचे आहेत. म्हणून आधी थोडं आगमनकाळाविषयी सांगते. नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा जो काळ असतो, त्याला आम्ही कॅथलिक लोक आगमनकाळ म्हणतो. ३० नोव्हेंबरला संत आंद्रेयाचा सण असतो. त्याच्या सर्वांत जवळचा रविवार हा आगमनकाळाचा पहिला रविवार. म्हणजे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो. या काळात धर्मगुरूंची वस्त्रं जांभळ्या रंगाची असतात, फक्त तिसऱ्या रविवारी गुलाबी. देवाच्या गौरवाचं जे गीत एरवी रविवारच्या मिस्सेत गातात, ते या चार रविवारी गात नाहीत, नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवतात. वेदीजवळ हिरव्या पानांचं चक्र आणि त्यात चार मेणबत्त्या असतात. दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. वाट पाहण्याचा हा काळ आहे.

इथे आखातात हा काळ कसा जातो, हे तुमच्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. दुबईचं सेंट मेरीज चर्च १९६७ साली सुरू झालं, त्यासाठी जागा तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी दिली होती. आज अबुधाबी, शारजा, जेबेल अली अशा ठिकाणीही आपली चर्चेस आहेत. २०२२ च्या जानेवारीत इथली साप्ताहिक सुट्टी बदलली. तोवर आपली गर्दी शुक्रवारी असायची, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्गही बहुतेकांच्या घरी शुक्रवारचाच. आता रविवार खऱ्या अर्थाने रविवार झाला. डिसेंबर लागला की चर्चच्या आवारात पाय ठेवायला जागा नसते. एका बाजूला कॅरल्सचा सराव, दुसऱ्या बाजूला गोठ्याचं काम. फिलिपिनो मंडळींची सिंबांग गाबी, म्हणजे नाताळआधीच्या नऊ दिवसांच्या मिस्सा. त्यांच्या देशात त्या पहाटे होतात, इथे कामाच्या वेळा सांभाळून संध्याकाळी. मल्याळी, कोंकणी, तमिळ, अरबी, प्रत्येकाची आपापली गाणी. आपली वसईची कुटुंबं घरात करंज्या तळत असतात आणि शेजारच्या केरळी ताईंकडून केक येत असतो.

या सगळ्या धर्मग्रामाची एक गोष्ट मात्र आपल्या लक्षात येत नाही. इथे कुणीच मूळचा इथला नाही. आपण सगळे व्हिसावर आलेलो. आणि वेदीवर उभे असलेले फादरही तसेच, बाहेरून आलेले. संयुक्त अरब अमिराती, ओमान आणि येमेन मिळून जो दक्षिण अरबस्तानचा प्रेषितीय विभाग होतो, त्याची जबाबदारी दीर्घकाळ कपुचिन संघाकडे आहे. आत्ताचे बिशप पावलो मार्तिनेल्ली हे इटलीचे, तेही कपुचिनच. इथले कितीतरी धर्मगुरू भारतातले, फिलिपिन्समधले, लेबनॉनमधले आहेत. म्हणजे आपल्या बाळाचा बाप्तिस्मा, आपल्या आजारी माणसाचं तेलाभ्यंग, कॅम्पमध्ये राहणाऱ्या आपल्या एकट्या कामगार भावाचा पापनिवेदनाचा संस्कार, हे सगळं कुणाच्या तरी घरातून निघून आलेल्या मुलाच्या हातून होतं. कुठल्या तरी आईने त्याला जाऊ दिलं, म्हणून तो इथे आहे.

आता पाचारणाच्या प्रार्थनेकडे येऊ. धर्मगुरू, व्रतस्थ ब्रदर, धर्मभगिनी होण्यासाठी देव जी हाक देतो, तिला आपण पाचारण म्हणतो. जगभर यासाठी एक खास प्रार्थनादिन पाळतात. तो १९६४ साली पोप पॉल सहावे यांनी सुरू केला आणि तो पुनरुत्थानकाळातल्या चौथ्या रविवारी येतो. पण आगमनकाळाशीही या प्रार्थनेचं थेट नातं आहे. पहिल्या आठवड्यातल्या शनिवारच्या मिस्सेत मत्तयच्या शुभवर्तमानातला जो भाग वाचतात, तो आठवा. येशू गावोगाव फिरतो आहे, थकलेली, वाली नसलेली माणसं पाहून त्याला कळवळा येतो. पीक भरघोस आहे पण कापणारे हात कमी, असं तो शिष्यांना सांगतो आणि शेताच्या धन्याकडे कामकरी मागायला लावतो. गंमत अशी, की ज्यांना तो ही प्रार्थना करायला सांगतो, त्यांनाच पुढच्या काही ओळींत तो कामावर पाठवतो. ज्याने मागितलं त्यालाच उठावं लागलं.

नेमकं हेच मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे. रोझरीच्या शेवटी, मिस्सेनंतर, प्रार्थनासभेत आपण पाचारणासाठी प्रार्थना म्हणतो. मोठ्याने आणि मनापासून म्हणतो. पण मनात एक न बोललेली अट असते. प्रभू, धर्मगुरू दे, पण शेजारच्या घरातून. आमचा एकच मुलगा आहे. आमची मुलगी पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला जाणार आहे.

या अटीला नावं ठेवायला मी इथे आले नाही. तिच्यामागे खरी काळजी आहे. वसईत आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत घरात सात-आठ मुलं असायची. एखादा सेमिनरीत गेला, एखादी कॉन्व्हेंटमध्ये गेली, तरी शेतावर आणि म्हाताऱ्या आईवडिलांपाशी बाकीचे असत. आज घरात एक किंवा दोन मुलं. त्यातही आपण परदेशात. कर्ज काढून गावी घर बांधलेलं, नोकरी संपली की व्हिसा संपणार, आणि म्हातारपणाचा आधार म्हणून ते एकच लेकरू. अशा आईवडिलांना सगळं देवावर सोडा, असं म्हणणं सोपं आहे, पण त्याने त्यांची रात्रीची झोप परत येत नाही.

पण आगमनकाळातली वाचनं नीट ऐका. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी दरवर्षी आपल्यापुढे कोण उभा असतो? बाप्तिस्मा करणारा योहान. तो कुणाचा मुलगा? जखऱ्या आणि एलिझाबेथ या वयोवृद्ध दांपत्याचा, खूप वर्षं वाट पाहून झालेला, एकुलता एक. आणि तो वाढला कुठे? रानात, घरापासून दूर. १८ डिसेंबरपासून पुढच्या दिवसांत योसेफचं स्वप्न, जखऱ्याला मंदिरात मिळालेला निरोप, मरियेला देवदूताने दिलेला संदेश, तिचं एलिझाबेथकडे जाणं, ही वाचनं येतात. प्रत्येक गोष्टीत एक घर आहे आणि त्या घराने आखलेला बेत आहे. देवाची हाक येते आणि बेत मोडतो. जखऱ्याला विश्वास बसत नाही. मरिया आधी प्रश्न विचारते, मग होकार देते. योसेफ एक शब्दही बोलत नाही, झोपेतून उठतो आणि सांगितलेलं करतो. शंका घेणाऱ्यालाही या गोष्टीत जागा आहे, प्रश्न विचारणारीलाही आहे.

आपल्या मातीतलं एक उदाहरण सांगते. संत गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, साधारण १५५७ चा. वडील पोर्तुगीज, आई वसईची. जेझुइट फादरांच्या हाताखाली शिकले आणि कोवळ्या वयात जपानला गेले. त्यांना जेझुइट संघात जायचं होतं, ते घडलं नाही. मग ते व्यापारात उतरले आणि तिथे त्यांचा चांगला जम बसला. आपल्यासारखाच परदेशात पोट भरणारा, परक्यांची भाषा शिकलेला वसईकर. पुढे मनिलात ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले. जपानी उत्तम येत असल्यामुळे १५९३ साली दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केलं. ते धर्मगुरू नव्हते, ब्रदर होते. आणि त्यांचं पाचारण परदेशात, धंदा चालू असताना पक्कं झालं. परदेशात राहून कुठलं आलंय पाचारण, असं म्हणणाऱ्यांनी वसईच्या या मुलाकडे पाहावं.

३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण असतो, तोही आगमनकाळाच्या तोंडावरच. १५४४ च्या जानेवारीत त्यांनी कोचीनहून युरोपातल्या आपल्या सोबत्यांना पत्र लिहिलं. पॅरिससारख्या विद्यापीठांत जाऊन ओरडून सांगावं, की इथे माणसं हवी आहेत आणि तुम्ही नुसती विद्या जमवत बसला आहात, असं त्यांना वाटत होतं. ते स्वतः पॅरिसलाच शिकलेले होते, म्हणून हे बोलायचा त्यांना अधिकार होता. शिक्षणाला त्यांचा विरोध नव्हता. शिकून झाल्यावर कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. आपल्या घरात बारावीच्या मार्कांवर चर्चा होते, तेव्हा हा प्रश्न कुणी विचारतं का?

आता थोडी व्यावहारिक माहिती, कारण बरीच भीती माहिती नसल्यामुळे असते. सेमिनरीत गेलेला मुलगा दुसऱ्या दिवशी फादर होत नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास लागतो, प्रत्यक्षात तयारीची वर्षं बहुधा त्याहून जास्त होतात. वयाची पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय साधारणपणे गुरुदीक्षा मिळत नाही. या सगळ्या वर्षांत तो स्वतःला तपासत असतो आणि त्याचे शिक्षकही त्याला तपासत असतात. हा आपला मार्ग नाही असं वाटलं, तर तो मोकळेपणाने घरी परत येऊ शकतो. अशा परत आलेल्या मुलाकडे आपल्या समाजाने बोट दाखवू नये, हेही आपल्याच हातात आहे. धर्मप्रांताचा धर्मगुरू ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाचं वचन देतो, गरिबीचं व्रत तो घेत नाही. आईवडिलांकडे लक्ष देणं त्याला वर्ज्य नाही. व्रतस्थ संघांचे नियम वेगळे असतात, ते त्या त्या संघाला विचारून घ्यावेत. इथे वाढलेल्या मुलाला मायदेशातल्या आपल्या धर्मप्रांताशी किंवा एखाद्या संघाशी बोलता येतं. सुरुवात मात्र इथल्याच फादरांशी गप्पा मारण्यापासून होते.

मग या चार आठवड्यांत घरी काय करावं? चार साध्या गोष्टी सुचवते, दर आठवड्याला एक.

पहिल्या आठवड्यात घरातली पहिली मेणबत्ती पेटवताना आपल्या चर्चमधल्या एका फादरांचं किंवा सिस्टरचं नाव घेऊन प्रार्थना करा. नाव घेतलं की प्रार्थना खरी होते.

दुसऱ्या आठवड्यात त्यांना घरी जेवायला बोलवा. त्यांना वेळ नसेल तर मिस्सेनंतर पाच मिनिटं मुलांना त्यांच्यापाशी उभं करा आणि एकच विचारा : फादर, तुम्हाला हाक कशी आली? तुमच्या घरचे काय म्हणाले? मुलं ऐकतील. आपणही ऐकू.

तिसऱ्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर धर्मगुरूंविषयी आपण कसं बोलतो, याकडे लक्ष द्या. प्रवचन लांबलं, फादर रागावले, हिशेब नीट ठेवत नाहीत, एवढंच आठ दिवस मुलांच्या कानावर पडत असेल, तर रविवारच्या प्रार्थनेला काय अर्थ उरतो? चूक असेल तर ती योग्य जागी सांगावी, आणि काही गंभीर घडलं असेल तर मुळीच झाकू नये. पण चांगलं दिसलं की तेही मुलांसमोर बोलावं.

चौथ्या आठवड्यात, नाताळच्या गडबडीआधी, मुलांना जवळ घेऊन एवढंच सांगा : बाळा, तू डॉक्टर हो, शिक्षक हो, संसार कर, आम्हाला आनंदच आहे. लग्नसंसार हेसुद्धा देवाचं पाचारणच आहे. आणि कधी देव तुला धर्मगुरू किंवा सिस्टर होण्यासाठी बोलावतोय असं वाटलं, तर आमच्यापासून लपवू नकोस. आम्ही घाबरू, कदाचित रडूही, पण अडवणार नाही.

हे बोलायला धीर लागतो. मुलावर दडपण आणायचं नाही, त्याला ढकलायचं तर नाहीच. त्याला फक्त कळू द्यायचं, की त्या बाजूचं दार आपण बंद केलेलं नाही. बहुतेक मुलं त्या दाराने जाणार नाहीत. एखादं जाईल. आणि ज्या आईवडिलांना हे वाक्य अजून म्हणता येत नाही, त्यांनी तेच देवापुढे मांडावं. प्रभू, माझ्याने हे म्हणवत नाही, मला बळ दे. तीसुद्धा पाचारणासाठीचीच प्रार्थना आहे.

श्रोतेहो, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत कामावरून थेट आलेली, गावाकडे फोन करून डोळे पुसलेली कितीतरी माणसं आपल्या शेजारी उभी असतील. त्यांच्यासाठी भाकर मोडणारे हात उद्याही लागणार आहेत. ते हात कुठून येतील, याचा विचार या चार आठवड्यांत आपण प्रत्येकाने आपल्या घरात करू या.

प्रभू येशू तुम्हा सर्वांना, तुमच्या इथल्या आणि गावाकडच्या माणसांना सुखी ठेवो. नमस्कार.